जिना उतरणारा माणूस

थाम: ...नाही म्हणजे नाही, क्वान! जिना चोई उतरेल, गोळ्याही तोच खाईल. तुझ्यासारखा कोट घालून, पाठमोरा. तुझा नुसता चेहरा घेऊ जवळून, स्टुलावर बसवून.

क्वान: वा, थामसाहेब! हीरो मी, आणि माझं मरण डमी मरणार. परत बसवलंतच ना मला?

युक-लिन: जरा हळू, साहेब. अख्खा मासळीबाजार माना वर करून बघतोय.

थाम: बघू दे! इथला आवाज कुठे घेतोय आपण? सगळा नंतर स्टुडिओत भरायचाय. युक-लिन, तू दिग्दर्शक ना? मग समजाव याला. गुंडांचा दादा! धाकटा भाऊ निसटावा म्हणून एकटा पिस्तूल घेऊन जिना उतरतो. आणि उतरतो कसा, तर एक पाय ओढत! तैपेईचे वितरक हसतील मला.

क्वान: हसू देत. हा पाय कुणाच्या सिनेमात मोडला, तेही कळवा त्यांना.

थाम: आता ते कशाला उकरून काढतोस?

क्वान: तुम्ही विसरलात म्हणून. बांबूच्या परांचीवरून उडी मार म्हणालात, मारली. खाली पुठ्ठ्याची खोकी कमी पडली. तेव्हापासून माझी सगळी कामं बसून. खुर्चीतला सावकार, पलंगावरचा बाप, गाडीतला ड्रायव्हर. लोकांना वाटत असेल, या माणसाला पाय आहेत की नाहीत!

थाम: उपाशी ठेवलं का तुला मी?

क्वान: नाही. लपवून ठेवलंत.

युक-लिन: साहेब, गोष्टच त्या पायावर उभी आहे हो. हा माणूस पळू शकत नाही, म्हणून तो थांबतो. धडधाकट माणूस तिथे थांबला तर लोक त्याला येडा म्हणतील.

थाम: मला अक्कल शिकवू नकोस. चोई! ए चोई! कोट चढव!

युक-लिन: तो नाही यायचा. पाकीट क्वानदादांनी घेतलंय.

थाम: कसलं पाकीट?

युक-लिन: मरणाचं. पडद्यावर मरणाऱ्याच्या हातात पैशांचं लाल पाकीट ठेवतात, अपशकुन टळावा म्हणून, हे काय मी सांगायचं तुम्हाला? सकाळी तुम्हीच दिलंत.

थाम: मी? सकाळी मुहूर्ताला मी उदबत्त्या लावल्या, भाजलेलं डुक्कर कापलं...

क्वान: आणि वळलात तर समोर मी. मेकअपवाल्यानं कपाळभर रक्त माखलेलं. तुमचा हात आपसूक खिशात गेला.

थाम: अरे, सवय आहे ती! जन्म गेला या धंद्यात, रक्त दिसलं की हात खिशात जातो. आण ते पाकीट इकडे.

क्वान: ते घरी न्यायचं नसतं, लगेच उडवायचं असतं. उडवलं. तुम्ही आत्ता खाताय ना, तो अंड्याचा टार्ट त्यातलाच.

थाम: अरे देवा!

युक-लिन: चोई म्हणतो, पाकीट एकाला आणि गोळ्या दुसऱ्याला, असलं काम आपल्याला नको. मग ते मरण मोकाट फिरतं. घेणारा नाही सापडला तर देणाऱ्याकडे वळतं.

थाम: तोंड सांभाळ गं!

युक-लिन: मी नाही म्हणत. चोई म्हणतो.

थाम: ...उतर. उतर बाबा, हवा तसा उतर! पण लिहून ठेव, पहिल्याच खेळाला पब्लिक आईबहिणीवरून शिव्या घालेल.

क्वान: घालू दे. मधल्या रांगेत उभा राहून ऐकेन.

युक-लिन: साहेब, बाजूला व्हा, कॅमेऱ्यात येताय. दादा, तयार?

क्वान: युक... थोडं सावरून चालू का? दात आवळून चाललो तर तितकंसं कळत नाही.

युक-लिन: घरी जिना कसा उतरता?

क्वान: कठडा धरून. एक पाऊल टाकायचं, दुसरं ओढून आणायचं.

युक-लिन: तसेच उतरा. कठडा धरायच्या हातात आज पिस्तूल आहे, एवढाच फरक.

(सिनेमा लागून महिना झाला आहे. त्याच जिन्याखालचं चहाचं दुकान, दुपार.)

क्वान: ती शाळेची पोरं अशी काय चालतायत? मारामारी झाली का कुठे?

युक-लिन: नीट बघा, दादा.

थाम: एवढ्या उकाड्यात बापाचे कोट घातलेत गाढवांनी! आणि तो पुढचा बघ, पायही चुकीचा ओढतोय!

युक-लिन: बाजारातले हमालसुद्धा आता तसाच जिना उतरतात म्हणे. आणि पलीकडच्या स्टुडिओत दोन नवे सिनेमे सुरू झालेत. दोन्हींत हीरो लंगडा. चांगल्या पायांची माणसं आरशासमोर लंगडायला शिकतायत.

थाम: मी तैपेईला कळवून टाकलं, पायाची कल्पना माझीच होती.

क्वान: लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला?

थाम: लाज वाटून सिनेमे निघतात होय? अरे... क्वान? रडतोयस की काय?

क्वान: चहा गरम आहे.

युक-लिन: तो तर केव्हाच निवला, दादा.

क्वान: मीपण उभा राहायचो गं आरशासमोर. रोज सकाळी. सरळ चालायला शिकायला.

थाम: अरे, एक गरम चहा आणा इकडे!

क्वान: त्या पुढच्या पोराला हाक मार, युक. कुठला पाय, ते दाखवतो त्याला.