व्याह्यांसाठी बियरचा नळ

घरात बियरचा नळ बसवायचं खूळ आमच्या ह्यांचं, पण नळी मी निवडली, हे आधीच सांगून ठेवते. लेकीचे सासूसासरे रविवारी पहिल्यांदाच चिखलीला आमच्याकडं जेवायला येणार होते. व्याह्यांना नळाची बियर पाजायची ह्यांना भारी हौस. पिंपापासनं नळापर्यंत जोडायला ह्यांनी निळी नळी आणली. चाकणला कंपनीत मशीनला हवा द्यायला वापरतात, तसली. दाबलं की बसणारे जोडही तसलेच.

मी म्हणलं, "ह्याला वास येतोय."

"हवेचा एवढा दाब सोसती ती. तुला काय कळतंय?"

"हवा कोण पितंय? हिच्यात दिवसभर पाणी भरून ठेवते. संध्याकाळी तुमीच प्या."

संध्याकाळी ह्यांनी एक घोट घेतला आणि मोरीकडं पळाले. म्हणाले, "टायर चाटल्यागत लागतंय."

"हेच पाजणार होता व्हय? माझ्या पोरीला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं."

तसंच ह्यांना दुकानात नेलं. पिण्याच्या पाण्याच्या नळ्या आणि जोड काढायला लावले, एकेक नाकाला लावून बघितलं, आणि बिनवासाचंच घेतलं.

रविवारी व्याह्यांनी ग्लास संपवून मिशी पुसली. तेवढ्यात विहीणबाई उठल्या. मला वाटलं, बाईंना हे पिणं खपलं नाही, म्हणून मी घाईनं ग्लास उचलायला लागले.

"बघू, मला पण द्या अर्धा," त्या म्हणाल्या. अर्धा संपवला, आणि पुढचा स्वतः नळ ओढून काठोकाठ भरला.

मी ह्यांना म्हणलं, "उठा तिथनं. आता आमी दोघी बसतो."