हेल्मेट घालून ‘नाही’ म्हणा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मुख्याध्यापिकाबाई, क्लबचे सचिवसाहेब, जमलेले आईबाप, समोर कुजबुजत बसलेल्या मुलींनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या कोचबाई,

आधी माफी मागतो. चार शब्द लिहून आणा, असं मला फार आधी सांगितलं होतं. मी लिहायला बसलो ते आज जेवण झाल्यावर. शिक्षण सातवीपर्यंतचं. लिहिलं की चुका दिसतात, चुका दिसल्या की घाम फुटतो, म्हणून टाळत गेलो. वाचताना अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझी नात सॉफ्टबॉलच्या संघात कॅचर आहे. म्हणजे बॅट फिरवणारीच्या पाठीमागे उकिडवं बसायचं आणि येईल तो चेंडू झेलायचा. तिला सोडायला म्हणून मी मैदानावर आलो आणि प्रश्न विचारत राहिलो. खेळाच्या नावात सॉफ्ट, मग चेंडू कच्च्या बटाट्यासारखा टणक का? तोंडावर हा पिंजरा कशाला? कोचबाई एकदा म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही मुलींपेक्षा जास्त विचारता.” पण उत्तर द्यायच्या. कंटाळलेलं माणूस असं उत्तर देतं का, सांगा बरं?

सगळ्यात नवल मला एका गोष्टीचं वाटायचं. सामन्याआधी मुली हेल्मेट घालून रांगेत उभ्या राहायच्या आणि बाई एकेकीला भलतंच काहीतरी विचारायच्या. “आज पंचांशी भांडणार?” मुलीनं हेल्मेटला हात न लावता मान हलवून ‘नाही’ म्हणायचं. “आईला उलट बोललीस?” नाही. या प्रश्नाला काही माना फार हळू हलायच्या, ते असो. मला वाटलं, बाई शिस्त लावतात. मी विचारलं तेव्हा हसल्या. “उत्तराशी मला काय करायचंय? डोकं हललं की हेल्मेट डोक्याबरोबर हलतं का, तेवढं बघते. डोकं इकडे आणि हेल्मेट तिकडे, तर ती मुलगी बाहेर.” असं करून त्या सारखा खेळ थांबवायच्या, म्हणून मुलींनी त्यांचं नाव थांबाताई ठेवलं होतं. बाई, तुम्हाला ठाऊक नसेल तर आज कळलं.

गेल्या सामन्याच्या आदल्या दिवशी नातीनं हौसेनं केस कापून घेतले. आधी ती वेणीचा अंबाडा हेल्मेटमध्ये कोंबायची आणि ते घट्ट बसायचं. आता अंबाडाच नाही. मला सुचलं नाही, तिच्या आईलाही नाही. रांगेत तिनं ‘नाही’ म्हटलं आणि हेल्मेट फिरून कानावर आलं. सगळ्या खदखदून हसल्या. बाई हसल्या नाहीत. “थांबा,” म्हणाल्या, आणि लहान मापाचं हेल्मेट शोधून पट्टा स्वतः आवळला. समोरच्या संघाचे कोच ओरडत होते, “अहो, उशीर होतोय!” बाई म्हणाल्या, “होऊ दे.”

त्याच सामन्यात बॅटची कड लागून चेंडू मागे उसळला आणि नातीच्या कपाळावर आदळला. म्हणजे हेल्मेटवर. तो आवाज मला अजून ऐकू येतो. बाईंनी तिला लगेच बाहेर काढलं आणि डॉक्टरांकडे पाठवलं. पोरगी ठणठणीत निघाली. जुनं हेल्मेट कानावर सरकलेलं असतं तर? पुढचं मी लिहिलं नाही.

डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली आहे. अडलंय ते चेंडू लागलेल्या त्या लहान हेल्मेटपाशी. त्याला तडा दिसत नाही. नात म्हणते, “चांगलं आहे की! रविवारी अंतिम सामना आहे.” बाई म्हणाल्या, “मार खाल्लेलं हेल्मेट आतून खचलेलं असू शकतं. माझ्या मते बाद. तरी तुझ्या समाधानासाठी बनवणाऱ्यांना विचारते. तोवर घालायचं नाही.” त्या मापाचं नवं मागवलंय, ते अजून आलेलं नाही. आणि बाई उद्या बदलीच्या गावी निघाल्या.

मी आज नातीला विचारलं, “बाई गेल्यावर गुपचूप घालशील?” तिनं मान हलवली. नाही. पण माझ्याकडे बघितलं नाही. म्हणून मी काळजीत आहे.

बाई, बाकीच्यांनी तुम्हाला भेटी दिल्या. माझी भेट ही पिशवी. आत तेच हेल्मेट आहे. तुमच्याबरोबर घेऊन जा, बनवणाऱ्यांना दाखवा, आणि उत्तर येईपर्यंत नव्या गावी ठेवून घ्या. तिसऱ्या रांगेत एकीनं तोंड फिरवलंय, ते मला दिसतंय. रागावू दे. रागवायला डोकं शाबूत लागतं.

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण ऐकून घेतलंत, सगळ्यांचे आभार. या अर्धशिक्षित म्हाताऱ्याकडून काही उणंअधिक बोललं गेलं असेल तर पोटात घाला. आणि बाई, एवढी विनवणी: बनवणारे काय म्हणाले ते रविवारच्या आत नातीला कळवा. उत्तर ‘नाही’ असलं तरी कळवा. तुमचं ‘नाही’ ती ऐकते, माझं ऐकत नाही.