ओट्यावरचा पिवळा

शोभेच्या माशांच्या दुकानात आलेल्या एका शिंप्याची पाळी येईना. पुढच्या सासू-सुनेचं संपतच नव्हतं.

"आई, खाऱ्या पाण्याची मोठी टाकी अडीच महिने रिकामी आहे. मासाच नाही म्हटल्यावर ते रोगाचे किडे उपाशी मेले. आता मासे परत सोडू या."

"मेलेच कशावरून? दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं."

"आजारी माशांची छोटी टाकी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली, तेव्हा तुम्हीच घर डोक्यावर घेतलं होतंत!"

"तेव्हा ते आजारी होते. आता कसे खडखडीत आहेत."

"मग हलवू या ना!"

"हलव. पिवळा तेवढा राहू दे."

"का?"

"तुम्ही दोघं कामाला गेलात की भाजी निवडताना माझं ऐकतो तो."

"काल काय ऐकवलंत?"

"तुझं कौतुक. बिचारा आ वासून बघतच राहिला."