शेवटचा नऊ

तात्यापारा भागातल्या दवाखान्यात अपर्णा विम्याच्या खिडकीपुढं रांगेत उभी होती. तिच्यापुढं एक म्हातारं जोडपं होतं. काकूंच्या चेहऱ्यावर थकवा होता, आणि त्यांचा थायरॉइडचा कागद काकांनी नाकाजवळ धरला होता.

"मॅडम, हा नंबर कायचा हो? ई शून्य तीन पॉइंट नऊ? आमच्या रेल्वेत इंजिनाले असते असा," काकांनी खिडकीतल्या हिंदी बोलणाऱ्या बाईंना विचारलं.

"बीमारी का कोड है अंकल. ई शून्य तीन मतलब, थायरॉइड कम काम कर रहा है."

"अन् नऊ?" काकूंनी विचारलं.

"नौ मतलब, क्यों कम कर रहा है, वो डॉक्टर ने लिखा नहीं."

"काहून नाही लिहिलं?"

"अभी पता नहीं होगा, आंटी."

काकू काकांकडं वळल्या. "ऐकलं का? डॉक्टरले पता नाही! अन् तुमाले इतक्या वर्षांपासून पता हाये. शारदा भात खाते म्हणून फुगली. शारदा दुपारी लोळते म्हणून सुस्तावली."

"मी आपलं अंदाजानं म्हनलं."

"अंदाजानं? भाच्याच्या लग्नात माइकवर सांगितलं तुमी!"

अपर्णानं घाईघाईनं तोंडापुढं फाइल धरली.

"मॅडम, तो नऊ जरा मोठा छापून द्या. फ्रिजवर लावते."

"बरं, चाल आता घरी. पोटभर भात खा, अन् निवांत झोप. भांडे मी घासतो."

"अव माय! तुमी? काहून?"

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"नऊ."