उण्याला उण्यानं गुणलं तेव्हा

शपथेवर सांगतो, यातलं अक्षर न अक्षर खरं आहे. निदान बरंचसं.

निजामाच्या काळात मी सेनगावला पोरांना गणित शिकवायचो. उणे गुणिले उणे अधिक कसं, हे त्यांना पटेना. म्हणून मैदानात नेलं, समोर कडुलिंबाचं झाड होतं. "लिंबाकडे जाणं म्हणजे अधिक. त्याच्याकडे पाठ करणं हे एक उणे, मागं मागं चालणं हे दुसरं," म्हणत मी पाठमोरा लिंबाकडे निघालो. नेमके त्याच दिवशी मुलीचे वडील मला बघायला आलेले. लिंबाखाली त्यांच्यावरच आदळलो. आधीच्या दोघांनी नाकारलेलं. वाटलं, हेही स्थळ गेलं.

"गुरुजी उलटे काहून चालून राहिले रे?" त्यांनी पोरांना विचारलं.

"उण्याला उण्यानं गुणून अधिक करून राहिले, मामा."

"मग जमलं. माझी पोरगी बी सांगितल्याच्या उलटंच करते."

लग्न झालं, हे खरं. सासरे फक्त "जमलं" म्हणाले होते. पोरीबद्दलचं वाक्य माझं. तुमच्या वहिनीला मात्र ते त्यांचंच म्हणून सांगा.