विमलचं सकाळचं वचन

दंडवत प्रणाम, मंडळी.

चांदूर बाजारचे सगळे आलात, अकोल्याहून आमच्या राहुलच्या सासरचे आलात. मला सगळे दिसून राहिले, पण आत काही पोचत नाही. राग मानू नका. जन्मभर कापसाच्या बाजारात ओरडलो मी. आज स्वतःच्या बायकोबद्दल बोलायला आवाज सापडत नाही.

विमलचं माहेर रिद्धपूरचं. रोज सकाळी ती आपल्या पंथाच्या स्वामींची वचनं म्हणायची. तोंडपाठ. मी बाजूच्या खोलीत फोनवर भाव विचारत असायचो. ती म्हणायची, "बसू नका, पण कान तरी इकडं ठेवा." कान माझे तिखट. त्यांच्यावरच शून्यातून धंदा उभा केला. समोरचा खोटं बोलला की मला आवाजातच कळते.

तिलाही कळायचं. अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं, आता फार दिवस नाहीत म्हणाले. राहुल म्हणाला, "बाबा, आईले सांगू नका." मी आत गेलो. तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "सकाळी मी देवाचं वचन म्हणते. दुपारी तुमचं खोटं ऐकू काय? सांगा, काय म्हणे डॉक्टर?"

मी सांगितलं. राहुल अजून माझ्याशी बोलत नाही.

आत्ता दोघं-तिघं म्हणाले, "वहिनी शांतपणे गेल्या." नाही हो. घाबरली होती ती. "भेव लागते मले," म्हणे. "तुमी वचन म्हना. माहा आवाज नाई निघत."

मी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. म्हटलं. ऐकून ऐकून आलं. मधेच तिनं डोळे उघडले. "एक ओळ गायब केली! अडतीच्या काट्यावर वजनातून कडता कापता, तसा इथंही कापून राहिले काय?" नर्स हसली. मीही हसलो. मग तेच वचन विमलनं स्वतः म्हटलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. दम लागत होता. त्या आवाजात भेव होतं, आणि भरवसाही होता. दोन्ही खरं. माझ्या कानांनी ऐकलं, मंडळी.

आज सकाळी मी बसलो. वचन म्हटलं. काहीच वाटलं नाही. रडूही आलं नाही. मोठं बळ मिळालं असं म्हणालो तर तुम्हाला बरं वाटेल, पण तिच्या फोटोसमोर खोटं कसं बोलू? एवढंच सांगतो. उठावंसं वाटत नव्हतं. वचन म्हणायचं आहे, म्हणून उठलो.

राहुल, लेका, तुलाही सगळं पाठ आहे. तिच्या मांडीवर ऐकलंस. उद्या सकाळी जवळ येऊन बस. माझ्याशी बोलू नको. वचन म्हणताना मी चुकलो, की फक्त तेवढं सांग.

चला मंडळी, उभे राहू. आता मी काही बोलत नाही, तुम्हीही बोलू नका.

विमल, दंडवत.