दिसण्यापुरते आटे

एक्स-रेच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी एक बहीण-भाऊ बसले होते. त्यांचे वडील आत होते. दोघं आवाज दाबून भांडत होते, पण शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"वॉकरची मूठ तू डिझाइन केलीस, ताई. तीच निखळली आणि बाबा पडले."

"स्क्रूच्या भोकात आटे होते. मी स्क्रीनवर बघितले होते."

"डोंबल! थ्री-डी प्रिंटरवर मी मूठ छापली, तेव्हा ते भोक आतून गुळगुळीत होतं."

"थांब. म्हणजे मी नुसते दिसण्यापुरते आटे दिले. सॉफ्टवेअर वरून चित्र चिकटवतं, भोक साधंच राहतं. खरे आटे कोरायचा पर्याय वेगळा असतो. तो राहिला माझ्याकडून."

"राहिला! किती सहज म्हणतेस गं!"

"पण मग स्क्रू आत गेलाच कसा? साधं भोक त्याच्याहून लहान असणार."

तो हातातला मोबाइल उलटसुलट करत राहिला.

"अरे, बोल ना!"

"ड्रिलनं मोठं केलं. गोंद भरला आणि दाबून बसवला."

"गोंद? बाबा सगळा भार टाकतात त्या मुठीवर! मला एक फोन करायला काय झालं होतं? लगेच फाइल दुरुस्त करून दिली असती."

"दिली असतीस. पण आधी म्हणाली असतीस, 'तुला साधा स्क्रू बसवता येत नाही?' तेही बाबांसमोर. नेहमीसारखं."

दार उघडून डॉक्टर बाहेर आल्या. "मनगट मोडलंय, प्लास्टर घालतोय. आत कोण येतंय?"

"तू जा," ती म्हणाली. "मला बघून ते 'काही झालं नाही, बाळा' म्हणतील. मला नाही ऐकवणार."

"आणि मला ऐकवेल?"